सड्यावरचं फाटक

"बाई, हे नुसते गोल गोल फिरतायत. मोजू कसे?"

दुर्वाने दुर्बीण डोळ्यांवरून न काढताच विचारलं. तांबळीच्या सड्यावर, गावावरच्या त्या कातळपठारावर, ऑक्टोबरचं ऊन सकाळीच चांगलं तापलं होतं. दरीतून वर येणाऱ्या गरम हवेवर काही मोठे पक्षी पंख न हलवता चकरा मारत वर चढत होते.

"मोजायचेच नाहीत," मी म्हणाले. "मधल्या सुट्टीत मैदानावर धावणारी मुलं मोजता येतात का?"

"छे! सारखी इकडून तिकडे पळतात."

"मग शाळा सुटल्यावर कुठे उभं राहून मोजशील?"

तिने दुर्बीण खाली घेतली. "फाटकात!"

"शाबास. आपलं फाटक कुठलं?"

तिने दोन्ही हात पसरून दाखवलं. डावीकडे मोबाईलचा टॉवर, उजवीकडे कड्यावरची एकटी जांभूळ. भोवऱ्यातून सुटलेला पक्षी दक्षिणेकडे सरळ निघाला आणि या दोन खुणांच्या मधून पार झाला, की तो मोजायचा. वर चढणाऱ्या घोळक्याला भोवरा म्हणायचं, हे आमच्याबरोबर येणाऱ्या गावातल्या मुलांनीच ठरवलं होतं.

"आणि एखादा परत आला तर?" सोहमने विचारलं. त्याच्या तोंडात उकडलेल्या शेंगा होत्या.

"तर तो तुझ्यासारखा. डबा वर्गात विसरलेला," मागून जयरामभाऊ म्हणाले. "एक वजा करायचा आणि पुन्हा फाटकातून जाईल तेव्हा धरायचा."

मुलं हसली. सोहमही हसला. मघाशीच त्याने एक कावळा गरुड म्हणून मोजून घेतला होता, त्यामुळे त्या दिवशी सगळे विनोद त्याच्यावरच चालले होते.

जयराम घाडी म्हणजे आमच्या घाटातले जुने एसटी ड्रायव्हर. त्यांच्या गाडीला कधी साधा ओरखडा आला नाही, असं डेपोत अजून सांगतात. दर वर्षी नवरात्र उलटलं की घाटमाथ्यावरून मोठमोठे पक्षी दक्षिणेकडे जाताना त्यांना ड्रायव्हरच्या सीटवरून दिसायचे. पुण्याच्या एका मंडळाने सह्याद्रीभर शिकारी पक्ष्यांच्या स्थलांतराची मोजणी करायची ठरवली आणि गावोगावचे हौशी लोक शोधायला सुरुवात केली, तेव्हा तांबळीतून दोनच नावं गेली. एक त्यांचं, एक माझं. दोघंही निवृत्त, दोघांनाही दिवस मोकळा.

मोजणीची पद्धत साधी होती. प्रत्येक ठिकाणी दोन माणसं. दोघांनी शेजारी बसायचं, पण मोजायचं आपापलं. एकमेकांचा आकडा बघायचा नाही, विचारायचा नाही. मुठीत मावणारं स्टीलचं एक यंत्र मंडळाने दिलं होतं. अंगठ्याने दाबलं की टिक असा आवाज होऊन आकडा एकाने पुढे सरकायचा. मुलं त्याला टिकटिकी म्हणायची. आम्हीही मग टिकटिकीच म्हणायला लागलो.

पहिली काही वर्षं त्यांची टिक माझ्या आधी व्हायची. मी दुर्बीण फिरवून पक्षी शोधेपर्यंत ते नुसत्या डोळ्यांनी मोजून मोकळे. "काय ओ बाई, कुठे राहिलात? गाडी सुटली की!" असं वर चिडवायचे. मग कधीतरी आमच्या टिका एकदम व्हायला लागल्या. अलीकडे त्यांची टिक माझ्या मागून यायची, जराशी, तालातल्या दुसऱ्या टाळीसारखी. संध्याकाळी आकडे लिहिताना ते हुबेहूब जुळायचे. मला त्याचं बरं वाटायचं.

त्याच दिवशी, रविवारी, निरंजन येणार होता. मंडळाचं सगळं काम तो बघायचा. पोरगा हुशार, बोलायला नम्र. दोन दिवस आधी त्याचा फोन आला होता.

"बाई, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचार."

"दोन माणसं उडते पक्षी मोजतात तेव्हा थोडा तरी फरक पडतोच. सगळ्या ठिकाणी पडतो. फक्त तांबळीचे आकडे दोन मोसम जवळपास सारखे आहेत. मंडळात प्रश्न निघालाय की, म्हणजे... कुणीतरी दुसऱ्याचं बघतंय का?"

"कुणीतरी म्हणजे? आम्ही दोघंच तर असतो."

तो चाचरला. "काकांची नजर सगळ्यांना माहीत आहे, बाई. तुम्ही आधी पक्षीनिरीक्षण केलेलं नव्हतं, म्हणून काही जणांना वाटलं... मी तसं म्हणत नाही हं. पण आकड्यांवर विश्वास नसेल तर तांबळीचं ठिकाण यादीतून काढावं लागेल. रविवारी येतो मी. नुसता बसतो तुमच्याबरोबर."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. हातातला भाजीचा चाकू कितीतरी वेळ तसाच होता. सगळी हयात मी मुलांना दुसऱ्याच्या पाटीत बघू नका म्हणून सांगत आले, आणि आता पुण्यात बसून चार माणसं माझ्याबद्दल हे बोलत होती.

निरंजन जीप खाली ठेवून वर आला. त्याने आपली मोठी दुर्बीण तीन पायांच्या स्टँडवर लावली. मुलांना पाळीपाळीने त्यातून बघू दिलं. जयरामभाऊंच्या पाया पडला.

"कोण, निरंजन ना? आवाज बसलाय तुझा," जयरामभाऊ म्हणाले. "पुण्याच्या धुरात राहून दुसरं काय होणार? शेंगा घे. सोहमने ठेवल्या असतील तर."

मी थर्मासमधला चहा ओतला. निरंजनचा कप दगडावर ठेवला आणि जयरामभाऊंचा त्यांच्या हातात दिला.

सकाळ चांगली गेली. पाच-सहा खरूच्या, दोन भोवत्या असे सुटे शिकारी पक्षी, मग मोहोळघारींचा एक छोटा भोवरा. माझी टिक, मग त्यांची टिक. निरंजन दुर्बिणीला डोळा लावून होता, पण त्याचं लक्ष आमच्याकडे होतं. एकदा मी वळून पाहिलं तर तो माझ्या मुठीकडे बघत होता. माझे कान तापले.

दुपार होत आली तसं आभाळ रिकामं झालं. वारा पडला. मुलं करवंदीच्या जाळीच्या सावलीत आडवी झाली. फक्त दुर्वा दुर्बीण घेऊन बसून होती. तिला मी सांगितलं होतं की रिकाम्या आभाळाकडे बघत राहतो तोच खरा पक्षीनिरीक्षक. जयरामभाऊ नेहमीसारखे माझ्या डाव्या हाताला, पाठ ताठ, तोंड आभाळाकडे, मूठ गुडघ्यावर.

शाळेत माझी एक युक्ती होती. दोन मुलांची गणितं सारखीच चुकायला लागली की मी चांगल्या मुलाला गुपचूप सांगायचे, अमुक गणिताचं उत्तर मुद्दाम चुकीचं लिही. मग तेच चुकीचं उत्तर शेजारच्या पाटीवर उगवतं का ते बघायचं. ते नेहमी उगवायचं.

मी आभाळाकडे पाहिलं. टॉवरपासून जांभळीपर्यंत एक पीससुद्धा नव्हतं.

मी अंगठा दाबला. टिक.

डावीकडून आवाज आला. टिक.

मी पुन्हा दाबला. आणि पुन्हा. टिक, टिक.

टिक, टिक.

निरंजनने दुर्बिणीवरून डोकं उचललं. दुर्वाने आधी आभाळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर आठी पडली.

"बाई, काय मोजताय? वर तर काहीच नाहीये."

जाळीखालून सोहमचा झोपाळू आवाज आला. "आजोबांनी पण वाजवलं. मी ऐकलं."

जयरामभाऊंनी तोंड खाली केलं नाही. तसेच वर बघत ते शांतपणे म्हणाले, "कुठे होते हो बाई? जांभळीच्या अंगाला? फार उंच होते का?"

मी 'हो' म्हणायचं होतं. 'हो, फार उंच होते, ढगात गेले.' किंवा 'डोळ्यांत उन्हाची तिरीप गेली, मला उगीच भास झाला.' यांतलं कुठलंही वाक्य चाललं असतं. त्यांनी प्रश्नच असा विचारला होता की उत्तर आयतं माझ्या तोंडात यावं. निरंजन माझ्याकडे बघत होता.

"नव्हते, जयरामभाऊ," मी म्हणाले. "काहीच नव्हतं."

"असं."

त्यांनी मूठ उघडली. टिकटिकी दगडावर ठेवायला गेले, पण दगड तिथे नव्हता. ती गवतात पडली. दुर्वाने धावत जाऊन उचलली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही.

"निरंजन," ते म्हणाले, "माझे यंदाचे आकडे खोडून टाक. मागच्या वर्षीचेही खोड. बाई वाजवायच्या, मी ऐकून वाजवायचो. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचे आकडे खरे आहेत."

"काका, पण... तुमची नजर तर..."

"काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढून मोकळा झालो असतो. हे गेलेलं परत येत नाही म्हणतात. आधी बाजूचं गेलं, आता समोरचंही धुरकट." ते हसले. "घरात सांगितलं असतं तर सड्यावर पाऊल ठेवू दिलं नसतं. मुलगा म्हणतो, बाबा, टीव्ही ऐकत बसा. टीव्ही ऐकत बसू? मी?"

निरंजन माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सॉरी बाई. उगीच तुमच्यावर..." आणि पाण्याची बाटली आणायची म्हणून जीपकडे उतरून गेला. सोहम आणि बाकीची मुलं त्याच्या मागे पळाली. त्यांना जीप बघायची होती. दुर्वा गेली नाही. ती आमच्यापासून लांब, कड्याच्या अलीकडच्या मोठ्या दगडावर जाऊन बसली, आमच्याकडे पाठ करून.

मी आणि जयरामभाऊ दोघंच उरलो.

"चहा आहे का हो थोडा?" त्यांनी विचारलं.

मी थर्मास उपडा केला. अर्धा कप निघाला. तो मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी कपाच्या काठावरून बोट फिरवलं आणि घोट घेतला.

"पूर्वी तुम्ही कप दगडावर ठेवायचात," ते म्हणाले. "'घ्या हो' म्हणायचात. मागच्या मोसमापासून हातात द्यायला लागलात. दगडावर ठेवला असतात तर मी चाचपडलो असतो ना?"

मी थर्मासचं झाकण फिरवून लावलं.

"पोरासमोर म्हटलं मी, की बाईंना ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ना?"

"होतं."

"कधीपासून?"

"मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी. गरुड अगदी डोक्यावरून गेला होता. मुलं ओरडली. तुम्ही भलतीकडे बघत होतात." मी गवताची काडी मोडली. "बोलले नाही, कारण दोन माणसं नसली तर ठिकाण बंद करतात. आणि... तुम्ही नसाल तर मी एकटी इथे कशाला येऊ?"

"म्हणजे मला वाटलं होतं तेच. मुद्दाम खणखणीत वाजवायचात तुम्ही. मला ऐकू यावं म्हणून."

"हो."

त्यांनी मान डोलावली. खाली जीपचा हॉर्न वाजला. सोहमने वाजवला असणार.

"आमचा संजय चौथीत तुमच्याकडे होता," ते म्हणाले. "कॉपी करताना सापडला होता. तुम्ही त्याला शाळा सुटल्यावर बाजूला घेतलंत आणि सांगितलंत, उद्यापासून माझ्या टेबलापाशी बस. वर्गाला कळलं नाही, आम्हालाही नाही. त्याचं लग्न झाल्यावर त्यानेच सांगितलं. म्हणाला, बाबा, बाईंनी माझी लाज ठेवली."

"आठवतंय मला."

"मग मला बाजूला घ्यायला काय झालं होतं, बाई?"

मी खरं तेच सांगितलं. आता दुसरं काही सांगण्यासारखं उरलंच नव्हतं. "निरंजनचा फोन आला होता. त्यांना संशय होता की मी तुमचं बघते."

कपातला चहा त्यांनी संपवला, कप उपडा करून झटकला आणि माझ्या दिशेने पुढे केला.

"म्हणजे दोघांतल्या एकाला उतरवायचंच होतं," ते म्हणाले. "बरोबर आहे. नजर नसलेल्या ड्रायव्हरच्या हातात गाडी ठेवू नये. पण बाई, डेपोत नेऊन उतरवायचं होतंत. भर रस्त्यात, पॅसेंजर बघत असताना..."

मी कप घेतला. तो अजून गरम होता.

"भोवरा!" दुर्वा दगडावर उभी राहून ओरडली. "बाई! केवढा मोठा! बाई, लवकर!"

मी दुर्बीण लावली. टॉवरच्या पलीकडे, दरीच्या तोंडाशी, आभाळात कुणीतरी मूठभर तीळ फेकावेत तसे ठिपके. बघता बघता ते वाढत गेले. खालून नवे येऊन मिळत होते, वरचे अजून वर चढत होते. मोहोळघारी होत्या, त्यांच्यात भोवत्या मिसळल्या होत्या आणि मधे कुठेतरी एक पांढुरका गरुड. इतक्या वर्षांत सड्यावर एवढा मोठा भोवरा मी पाहिला नव्हता. खालून निरंजन धापा टाकत वर धावत आला. त्याच्या मागे मुलं.

"सुटले का?" जयरामभाऊंनी विचारलं.

"अजून नाही," मी म्हणाले. "वर चढतायत."

"दुर्वा कुठे आहे?"

"इथे आहे, आजोबा." त्यांची टिकटिकी अजून तिच्याच मुठीत होती.

"ती शून्यावर आणता येते ना? बाजूची चावी फिरव. आता ती तुझी. आणि हे बघ, बाईंच्या आवाजाकडे कान द्यायचा नाही. स्वतःचे डोळे. कळलं?"

"कळलं."

"बसा मग आपापल्या जागी," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेला. "वाजवा बाई. खणखणीत वाजवा. मला ऐकायचेत."

भोवऱ्याच्या माथ्यावरून पहिला पक्षी सुटला. पंख अर्धे मिटून तो बाणासारखा दक्षिणेकडे निघाला आणि जांभळीच्या अलीकडून पार झाला. दुर्वाची टिक आधी झाली, माझी मागून. मग दुसरा, तिसरा, मग एकामागून एक, रांगच लागली. आमच्या दोघींच्या टिका एकमेकींत गुंतत, सुटत, पुढे-मागे होत राहिल्या. मुलं श्वास रोखून उभी होती. निरंजनसुद्धा दुर्बीण सोडून नुसत्या डोळ्यांनी वर बघत राहिला.

जयरामभाऊ मधे बसले होते. हात रिकामे, तोंड आभाळाकडे. प्रत्येक टिकेला त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा गुडघ्यावर हलकेच टेकत होता.

आयुष्यात कुठलीही गोष्ट मी एवढ्या काळजीने मोजलेली नाही. पुढे सड्यावर मी बरीच वर्षं मोजलं, दुर्वाबरोबर मोजलं, पण तशी काळजी पुन्हा घ्यावी लागली नाही. एक पक्षी सुटू नये, एक जास्त होऊ नये. माझा अंगठा दुखायला लागला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते उन्हाने की कशाने ते मी बघायला थांबले नाही.

हळूहळू भोवरा विरळ झाला. शेवटचे काही पक्षी रेंगाळले, एक पुन्हा वळून आला, पुन्हा गेला. मग आभाळ स्वच्छ झालं. दोन्ही टिकटिक्या थांबल्या. सड्यावरच्या गवतातून वारा गेल्याचा तेवढा आवाज राहिला.

"संपले?" जयरामभाऊंनी विचारलं.

"संपले," मी म्हणाले.

त्यांनी अंगठा गुडघ्यावरून उचलला, पण मान हलवली नाही. चेहरा माझ्याकडून वळवून ते दुसऱ्या बाजूला वाकले, जिथे दुर्वा बसली होती, आणि हलक्या आवाजात तिला विचारलं,

"पोरी, खरेच होते ना गं सगळे?"

"होते, आजोबा," दुर्वा म्हणाली. "मी बघितले."

तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.